मायटोकॉन्ड्रिया आणि मेंदू: पेशीतला चार्जर बिघडला की काय होतं?



या साईटवर आपण बॅटरी, चार्जर, फास्ट चार्जिंग यांवर नेहमीच बोलतो. आजचा विषयही चार्जिंगचाच आहे, फक्त फोनच्या नाही, मेंदूच्या.

हा लेख लिहायचं कारण घरचंच आहे. माझ्या आजोबांना, म्हणजे नानांना, सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. काही महिन्यांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मायटोकॉन्ड्रिया रिचार्ज करा आणि कंपवात मुळापासून घालवा, असा त्याचा दावा होता. खाली कॅप्सूलच्या डबीची लिंक. आत्याचा मला फोन आला, "अरे, तू ते मोबाईलचं लिहितोस ना, हे खरं आहे का बघून सांग." मी कामात होतो. "बघतो" म्हणालो आणि विसरून गेलो. आत्याने वाट बघून डबी मागवली.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मी तेव्हा जे वाचायला हवं होतं, ते आज तुमच्यासाठी लिहितो.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय?

शाळेत आपण "तंतुकणिका" शिकलो, तेच हे. लाल रक्तपेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. एकेक कण इतका लहान, की त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी भरते.

पुस्तकात "पेशीचं पॉवर हाउस" लिहिलेलं असतं आणि बरेच जण त्याला बॅटरी समजतात. पण मायटोकॉन्ड्रिया ही बॅटरी नाही, तो चार्जर आहे. बॅटरीचं काम एटीपी नावाचा रेणू करतो. पेशीने काम केलं की एटीपी डिस्चार्ज होतो आणि मायटोकॉन्ड्रिया त्याला पुन्हा चार्ज करतात. शरीरात एटीपीचा साठा फार थोडा असतो, त्यामुळे तोच रेणू दिवसभरात शेकडो वेळा चार्ज होतो.

हे चार्जिंग कसं होतं? कोयना धरण डोळ्यासमोर आणा. पाणी उंचावर साठवतात, ते खाली येताना टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. मायटोकॉन्ड्रियात दोन पडदे असतात. आपण खाल्लेलं अन्न आणि श्वासातला ऑक्सिजन वापरून, आतल्या पडद्यावरची यंत्रं प्रोटॉन नावाचे कण पडद्याच्या एका बाजूला ढकलून साठवतात. हे प्रोटॉन परत आत येताना एक सूक्ष्म चक्र खरोखर गरगर फिरतं आणि त्यातून एटीपी तयार होतो. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला अनेकांना ती पटली नाही, पण १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

या साखळीतल्या पहिल्या यंत्राला "कॉम्प्लेक्स १" म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

अजून एक गंमत. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका पेशीत दुसरा जीवाणू शिरला आणि तिथेच राहिला, त्याचे हे वंशज. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही मांडणी सविस्तर केली आणि आज ती सर्वमान्य आहे. या डीएनएमध्ये फक्त ३७ जनुकं असतात आणि तो आपल्याला आईकडून मिळतो.

मेंदूलाच एवढी ऊर्जा का लागते?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण आपण नुसते बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातला जवळपास २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. वॅटमध्ये सांगायचं तर साधारण २० वॅट, म्हणजे तुमच्या फोनच्या एखाद्या साध्या फास्ट चार्जरएवढी. फरक इतकाच, की हा चार्जर जन्मभर एक मिनिटही काढता येत नाही.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक संदेश जाताना पेशीत सोडियम आत येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. पुढचा संदेश पाठवायचा तर ते परत जागच्या जागी ढकलावं लागतं. मेंदूची बरीचशी ऊर्जा या पंपिंगमध्येच जाते.

बरं, मेंदूकडे पॉवर बँक नाही. स्नायू थोडी साखर साठवून ठेवतात, मेंदूत तो साठा नगण्य असतो. मायटोकॉन्ड्रिया नसतील तर ग्लुकोजच्या एका रेणूतून फक्त २ एटीपी मिळतात, असतील तर ३० च्या आसपास. म्हणूनच मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

थोडक्यात, ऊर्जा कमी पडली की त्वचा किंवा हाडं काही काळ निभावून नेतात. मेंदू, डोळ्यांच्या नसा, हृदय आणि स्नायू यांना ते जमत नाही. मायटोकॉन्ड्रियाचे आजार बहुतेकदा याच ठिकाणी दिसतात, ते यामुळे.

चार्जर लांबपर्यंत पोहोचवायचा कसा?

चेतापेशी दिसायला बाकीच्या पेशींसारखी गोल नसते. तिला लांबलचक तार असते. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी तार एक मीटरच्या आसपास असू शकते. या तारेच्या टोकाला, जिथे एक पेशी दुसऱ्या पेशीला संदेश देते, तिथे ऊर्जा सगळ्यात जास्त लागते.

म्हणून पेशीत रूळ असतात. त्या रुळांवर कायनेसिन नावाची प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाला ओढत टोकाकडे नेतात आणि डायनीन नावाची प्रथिनं परत आणतात. जिथे काम जास्त चालू आहे, तिथे मायटोकॉन्ड्रिया थांबतात.

खराब झालेला मायटोकॉन्ड्रिया ओळखून मोडीत काढायची सोयही पेशीत आहे. पिंक-१ नावाचं प्रथिन बिघडलेल्या कणावर साठू लागतं, म्हणजे "हा खराब" अशी खूण होते. मग पार्किन नावाचं दुसरं प्रथिन तिथे येतं आणि तो कण पेशीच्या कचरा यंत्रणेकडे जातो. ही सफाई महत्त्वाची, कारण बिघडलेला चार्जर फक्त कमी वीज देतो असं नाही, तो ठिणग्याही उडवतो. या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल्स. त्यांनी आजूबाजूची प्रथिनं आणि डीएनए खराब होतात. बिघाड फार वाढला तर मायटोकॉन्ड्रियामधूनच पेशीला "आता संपव" असा संदेश जातो आणि पेशी स्वतःला मारून घेते.

त्वचेची पेशी मेली तर नवी येते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींच्या बाबतीत तसं होत नाही.

पार्किन्सन्सचा धागा कुठे सापडला?

१९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात काही तरुण माणसं दवाखान्यात आली. त्यांना हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. लक्षणं अगदी पुढच्या टप्प्यातल्या पार्किन्सन्सची, पण तो आजार सहसा साठीच्या आसपास होतो आणि हळूहळू वाढतो. यांचं सगळं काही दिवसांत झालं होतं. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला, तेव्हा कळलं की या सगळ्यांनी चोरून बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं. ते बनवताना चूक झाली होती आणि त्यात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं.

हे रसायन मेंदूत जाऊन विषात बदलतं, डोपामिन बनवणाऱ्या पेशींत शिरतं आणि तिथे मायटोकॉन्ड्रियाचं "कॉम्प्लेक्स १" बंद पाडतं. हालचाली सुरळीत ठेवण्यासाठी डोपामिन लागतं. त्या पेशी गेल्या की शरीर गोठल्यासारखं होतं.

मग प्रश्न आला, ज्यांनी असलं काही घेतलं नाही, त्या साध्या पार्किन्सन्सच्या पेशंटचं काय? १९८९ मध्ये लंडनमध्ये अँथनी शापिरा यांच्या गटाने अशा पेशंटच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले. डोपामिनच्या भागात "कॉम्प्लेक्स १" चं काम कमी पडलेलं दिसलं. पुढे १९९८ मध्ये पार्किनचं जनुक आणि २००४ मध्ये पिंक-१ चं जनुक तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सन्सशी जोडलं गेलं. म्हणजे वर सांगितलेली सफाई यंत्रणाच काही घराण्यांत जन्मापासून बिघडलेली असते.

पण याचा अर्थ प्रत्येक पार्किन्सन्स फक्त मायटोकॉन्ड्रियामुळे होतो असा नाही. वय, अनुवंश, काही कीटकनाशकं, पेशीत साचणारं अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन, असे बरेच धागे आहेत. मायटोकॉन्ड्रिया हा त्यातला एक मोठा धागा.

अजून कोणत्या आजारांत मायटोकॉन्ड्रियाचा संबंध आहे?

१) लेबर आजार: डोळ्यांच्या नसांचा हा आजार जर्मन डॉक्टर थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये नोंदवला. १९८८ मध्ये डग्लस वॉलेस यांच्या गटाने त्यामागचा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधला दोष शोधला. सगळ्यात जास्त आढळणारा दोष पुन्हा "कॉम्प्लेक्स १" चाच. हा आजार तुमच्या-माझ्या वयाचा आहे, बहुतेकदा १५ ते ३५ वर्षांच्या मुलांना होतो. एका डोळ्याचं मधलं दिसणं कमी होतं, दुखत अजिबात नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसरा डोळाही तसाच. मामाला किंवा मावशीच्या मुलाला तरुणपणी असं झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते नक्की सांगा. ज्यांच्यात हा दोष आहे त्यांनी सिगरेट ओढली तर धोका वाढतो. यात कडेचं दिसणं बरंचसं राहतं, त्यामुळे फोनमधलं मॅग्निफिकेशन आणि टॉकबॅक अशा वेळी खूप कामाला येतं.

२) मेलास: यात कमी वयात पॅरालिसिसच्या झटक्यासारखे झटके येतात, फिट येतात, डोकं दुखतं, ऐकू कमी येतं. नेहमीच्या झटक्यात रक्ताची गुठळी वाट अडवते. इथे वाट मोकळी असूनही पेशीला ऊर्जा बनवता येत नाही.

३) ली सिंड्रोम: लहान बाळांचा गंभीर आजार. शिकलेल्या गोष्टी, म्हणजे मान धरणं, बसणं, बाळ विसरू लागतं. ब्रिटिश डॉक्टर डेनिस ली यांनी तो १९५१ मध्ये नोंदवला.

४) फ्रेडरिक अटॅक्सिया: बहुतेकदा शाळेच्या वयात तोल जाऊ लागतो, चालताना पाय अडखळतात. मायटोकॉन्ड्रियाला लागणारं फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन कमी पडतं. यावरचं ओमाव्हेलॉक्सोलोन हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

५) अल्झायमर: यात मेंदूचे काही भाग ग्लुकोज कमी वापरतात, हे स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं. पण ऊर्जा कमी पडल्यामुळे पेशी मरतात, की पेशी आजारी पडल्यामुळे ऊर्जा कमी वापरली जाते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

मग मायटोकॉन्ड्रिया वाढवणारी गोळी घ्यायची का?

आमच्या घरातला प्रश्न हाच होता. चार्जर बिघडलाय तर चार्जर सुधारणारी गोळी द्या, हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं, आणि म्हणून त्यांनी ते करून बघितलं.

कोएन्झाइम क्यू-१० हा पदार्थ मायटोकॉन्ड्रियाच्या साखळीत खरोखर काम करतो. अशा बऱ्याच कॅप्सूलमध्ये तोच असतो. २००२ मध्ये पार्किन्सन्सच्या ८० पेशंटवरची एक चाचणी आली आणि तिने आशा दाखवली. मग ६०० पेशंटवर मोठी चाचणी झाली. काहींना खरी औषधं, काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. २०११ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसतच नव्हता. क्रिएटिनचंही तसंच. होय, जिमवाल्यांचं तेच क्रिएटिन. १,७४१ पेशंटवर चाचणी झाली आणि तीही २०१३ मध्ये थांबवली, कारण आजाराचा वेग कमी झाला नाही.

म्हणजे क्यू-१० हे विष आहे असं नाही. एखाद्याच्या शरीरात जन्मतःच क्यू-१० तयार होत नसेल तर ते देणं हाच उपचार असतो. लेबर आजारासाठी त्याचाच एक भाऊबंद, आयडेबेनोन, युरोपात २०१५ पासून मंजूर आहे. पण तो निर्णय जनुक तपासणी बघून डॉक्टर घेतात, व्हिडिओ बघून नाही.

सध्या खात्रीने काय उपयोगी आहे?

• पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपा आणि इतर औषधं, ठरलेल्या वेळेला. ती कमी पडलेलं डोपामिन भरून काढतात. अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

• व्यायाम. नियमित व्यायामाने स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे पक्कं आहे. पार्किन्सन्समध्ये चालणं आणि तोल यांना व्यायामाचा फायदा होतो.

• मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा संशय असेल तर रक्तातलं लॅक्टेट, एमआरआय, जनुक तपासणी आणि गरज पडली तर स्नायूचा तुकडा काढून तपासणी.

• फिटवर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट काही मायटोकॉन्ड्रिया आजारांत यकृताला घातक ठरू शकतं. म्हणून घरात असा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पण चालू औषध मनाने बंद करू नका.

• आईकडून मुलात दोष जाऊ नये म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या बीजातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरायची पद्धत आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये तिला कायद्याने परवानगी दिली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या डॉक्टरांनी या पद्धतीने ८ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं.

जाहिरात आली तर काय तपासाल?

१) डबीवर बारीक अक्षरांत काय आहे? भारतात असे सप्लिमेंट अन्न म्हणून विकले जातात. त्यावर एफएसएसएआयचा नंबर असतो, पण तो औषध असल्याचा पुरावा नाही. उलट "औषधी वापरासाठी नाही" असं तिथेच छापलेलं सापडेल.

२) "मेंदूचा आजार बरा करतो" असा दावा आहे का? १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानुसार मेंदूच्या विकारांवर अशी जाहिरात करायलाच बंदी आहे.

३) चाचणी कोणावर झाली? बशीतल्या पेशी, उंदीर आणि माणूस यांत फार अंतर आहे. माणसांवर झाली असेल तर किती जणांवर?

४) "चालू गोळ्या कमी करा" असं सांगतायत का? मग तिथेच थांबा आणि नंबर ब्लॉक करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मायटोकॉन्ड्रियाचे आजार फक्त आईकडूनच येतात का?
नाही. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी एक हजाराहून जास्त प्रथिनं पेशीच्या मुख्य डीएनएवरून बनतात. तो आई-वडील दोघांकडून येतो, त्यामुळे दोष दोघांकडूनही येऊ शकतो.

मला सतत थकवा येतो, माझे मायटोकॉन्ड्रिया खराब आहेत का?
बहुतेकदा कारण साधं असतं: अपुरी झोप, कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता. आधी या तपासण्या करा. रात्री दोनपर्यंत रील्स बघत असाल तर सुरुवात तिथून करा.

आजोबांना पार्किन्सन्स आहे, मलाही होईल का?
बहुतेक पेशंटमध्ये तो थेट घराण्यातून आलेला नसतो. घरात अनेकांना, आणि तेही कमी वयात झाला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

शेवटी, नानांचं काय झालं?

डबीसोबत एका "सल्लागाराचा" फोनही आला होता. त्याने आत्याला सांगितलं, जुन्या गोळ्या निम्म्या करा, नाहीतर कॅप्सूलचा गुण येणार नाही. आत्याने चांगल्या मनाने तसं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना बाथरूमच्या उंबऱ्यात अडकले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले, पुढे टाकता येईना, आणि ते पडले. मनगट सुजलं, नशिबाने हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या परत पूर्ववत, ठरलेल्या वेळेला सुरू केल्या. काही दिवसांत चालणं जागेवर आलं.

आत्या रडत होती. नानाच तिला म्हणाले, "अगं, इन्व्हर्टर आणलास ते ठीक, पण मेन स्विच कशाला बंद केलास?"

चूक आत्याची कमी आणि माझी जास्त होती. तिने विचारलं होतं, मी "बघतो" म्हणालो होतो. आता नानांच्या चारही गोळ्यांचे अलार्म मी त्यांच्या फोनमध्ये लावून दिलेत, आणि ग्रुपवर असं काही आलं की मी त्याच दिवशी वाचून उत्तर देतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांसाठी "मोबाईलमधलं कळणारा" माणूस म्हणजे आपणच. त्यांनी "हे खरं आहे का रे?" विचारलं की दहा मिनिटं काढा. हा लेख उपयोगी वाटला तर तुमच्या घरच्या ग्रुपवरही टाका. कदाचित कुणीतरी डबी मागवण्याआधी तो वाचेल.